वहीतलं पाचवं वाक्य

केज, गुरुवार

प्रिय मोहिनी,

तुझी आई तुझ्या बाळंतपणाला अंबाजोगाईला आली, त्याला आज चौतीस दिवस झाले. घरात मी एकटाच. भाकरी करतो, गोल होते, फुगत नाही. दिवसभर दुकानात जळालेल्या मोटारींची वाइंडिंग, आणि घरी आलं की बोलायला भिंत. म्हणून काल तू मला इंग्रजी शिकवायचीस ती जुनी वही काढली.

तू दहावीत होतीस. सातवी नापास माणूस पंपाची इंग्रजी पुस्तिका डिक्शनरी घेऊन एकटा वाचतो, याचा मला केवढा ताठा! तू म्हणालीस, आप्पा, तुम्हाला शब्द येतात, वाक्य येत नाही. मग रोज एक वाक्प्रचार आणि त्याची पाच वाक्यं. पहिलाच निघाला 'टेक द बुल बाय द हॉर्न्स'. म्हणजे भांडणापासून, अवघड गोष्टीपासून तोंड चुकवायचं नाही, सरळ भिडायचं. मी तिथंच अडलो. म्हटलं, "ज्यानं हे लिहिलं त्यानं बैल बघितलेला न्हाई. अंगावर आलेल्या बैलाच्या शिंगाला कुणी हात घालतं का? येसण धरावी." तू कपाळावर हात मारलास, "बैल सोडा, वाक्य लिहा!"

चार वाक्यं लिहिली. चारींत उत्तरेश्वर नावाचा माणूस. तो सरपंचाला भिडला, लाइनमनला भिडला, पैलवानालाही भिडला. तू लाल शाईनं शेरा मारलास, "उत्तरेश्वर लई शूर हाय, पण हाय कोण? पाचवं वाक्य स्वतःचं लिहा, आणि खरं." ती ओळ अजून कोरी आहे.

दोन वर्षांपूर्वी तू रविराजचं सांगितलंस, तेव्हाही मी भांडलो नाही. पोरगा वाईट नव्हता. आधी ठरवलंस आणि मग सांगितलंस, एवढंच माझं दुखणं. ते तोंडावर बोलायचं सोडून मी दुकानात जाऊन बसलो. तुझी लग्नपत्रिका आली. तारीख बरोबर होती, वार चुकला होता; शुक्रवारचा गुरुवार छापलेला. मी लाल पेनानं वार दुरुस्त केला आणि पत्रिका परत पाठवली. सोबत एक अक्षर नाही. तू तेच माझं उत्तर समजलीस. चूक तुझी नाही, दुसरं काय समजणार?

पण एक गोष्ट आईलाही माहीत नाही. त्या शुक्रवारी मी नवा सदरा घालून स्टँडवर गेलतो. अंबाजोगाईची गाडी लागलेली. कंडक्टर म्हणाला, "मिस्त्री, चढा की, नवरदेवावानी नटून उभे कावून?" मी म्हणालो, "न्हाई, पार्सल द्यायचं होतं." गाडी सुटली. माझे हात रिकामे होते, त्यानं बघितलं असणार.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही आपली रीत. तुझं झालं नाही, कारण मी बोलावलं नाही. दोन वेळा फोन हातात घेतला, तुझा नंबर लावला, तू 'हॅलो' म्हणालीस आणि मी कापला. आईच्या मोबाईलवर फोटो पाहिला. पोरीचं कपाळ माझ्यासारखं आहे. स्वभाव तुझा असू दे.

तुझ्या खोलीतला पंखा मी उतरवून त्याची वाइंडिंग पुन्हा भरली. आता एक नंबरवर इतका हळू फिरतो की खाली ठेवलेला कागद हलत नाही. तीनदा ठेवून बघितला. बाळाच्या अंगावर वारं येणार नाही. दाराची कडी वाजायची, तिला तेल दिलं. खाट उन्हात टाकून आत घेतली.

फोनवर माझं तोंड उघडत नाही, म्हणून ही चिठ्ठी अंबाजोगाईला गाडी मारणाऱ्या मतीनच्या जीपमधून पाठवतोय. रविवारी बारसं आहे. सकाळी सव्वासातच्या गाडीनं मी येतोय, या वेळी चढून. तुझ्यासमोर, रविराजसमोर, 'माझं चुकलं' म्हणणार आहे; आणि तुम्हा दोघी मायलेकींना सव्वा महिना तरी घरी चला म्हणून विचारणार आहे. तू नाही म्हणालीस तरी ऐकून घेईन, उठून जाणार नाही. पाचवं वाक्य हेच आहे. वहीत अजून लिहिलेलं नाही, खरं झाल्यावर लिहीन. वही सोबत आणतोय. लाल पेन तुझ्याकडंच असू दे.

तुझाच,
आप्पा