कॅरमबोर्डची फिन

नंदनवन, नागपूर

प्रिय विक्की,

तू फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहून राहिली. तुझ्या बायकोले, प्रीतीले सांगितलं आहे, पुण्याच्या त्या बंद खोलीत जाऊन लिफाफा त्याच्या हातात दे आणि त्याले एकटं सोडून बाहेर ये. तू वाचशील. हट्टी आहेस, पण उत्सुकही तेवढाच आहेस.

अपघातात डावा पाय गुडघ्याखालून गेल्यावर तू दवाखान्यातून एकच निरोप धाडला होता, ताईले सांग, माझा तो हवेचा पॅडलबोर्ड आणि ती हातात धरायची शिडासारखी विंग विकून टाक. मी काहून विकू? बोर्ड हवा भरून खिंडसी तलावावर नेला. रागानंच नेला म्हण ना.

अरे बाप्पा, काय फजिती! विंगेत वारा भरला की बोर्ड पुढं कमी आणि आडवा जास्त जाते. जिथून निघाली तिथं परत येणं काही जमेना. दर वेळी होडीवाले रुपरावभाऊ मले पल्याडच्या काठावरून ओढून आणत. बाई, तुम्ही जायचंच तिकीट काढता काय, म्हणून हसत. मले भल्ला राग यायचा.

मग कळलं, तुझ्या बोर्डाले फिन, म्हणजे पाण्यात उतरणारं ते माशाच्या परासारखं पातं, फक्त मागं आहे. आडवं सरकणं थांबवायले मधातही एक पाहिजे. आता ओरडू नको. आपला कॅरमबोर्ड कापला. त्याच्या प्लायची फिन काढली, कडा घासल्या, वॉर्निश मारलं, एका सपाट फळीवर बसवली आणि सामान बांधायच्या पट्ट्यांनी बोर्डाच्या पोटाले आवळली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तुझी राणी तिनं डब्यात जपून ठेवली आहे.

पहिल्यांदा फिन जास्तच पुढं बांधली. बोर्ड तोंड वाऱ्याकडं वळवून अडेल बैलासारखा उभा. थोडी मागं सरकवली, मग वळण सुधारलं. सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही, हे तुले माहीतच आहे. तिरपं जायचं, वळायचं, पुन्हा तिरपं. काल तशीच गेली आणि जिथून निघाली त्याच काठाले लागली. रुपरावभाऊंनी होडीतूनच टाळ्या वाजवल्या. मी ढसाढसा रडली, लाज नाही वाटली.

आता खरं काय ते सांगते. हे सगळं मी गुडघ्यांवर बसून शिकली. उभी एकदाही राहिली नाही, मुद्दाम. तुझ्या डॉक्टरले तुले न विचारता फोन केला, हो, केला. ते म्हणाले, जखम भरली आहे, गुडघा मजबूत आहे, खाली जाड गादी घालून बसता येते. म्हणजे जे मले जमलं ते तुलेही जमते, विक्की. शनिवारी मी गाडी घेऊन पुण्याले येऊन राहिली. प्रीती तुझी बॅग भरून ठेवणार आहे. तुझ्या पायासाठी जेवढं रडायचं तेवढं रडून झालं माझं. आता मले माझा भाऊ पाहिजे. तू आला नाही तर मी एकटीच चालवीन, पण मग बोर्ड माझा, आणि भांडलास तरी परत देणार नाही.

तुझीच,
हर्षाताई