वाढदिवसाचा हार

वर्तकनगर, ठाणे
ऑगस्ट १९९१

प्रिय सहदेव,

सप्रेम नमस्कार. टिटवाळ्याची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली का? आमच्याकडे उरलेले सगळे जिवंत आहेत. हे मुद्दाम लिहितो, कारण परवा घटकाभर मी नव्हतो.

ते नंतर. आधी अभ्यास. आमच्या चंदूची लेक इनेस आता आमच्याजवळ असते, तुला ठाऊकच आहे. (तिची चिलीची आई गेल्या वर्षी गेली, म्हणून मेमध्ये चंदूने पोरीला इथे आणून सोडलं, बोटीवर परत गेला आणि जुलैत तिथेच संपला. पोरीला सांगितलेलं नाही. बाबा बोटीवर आहेत, एवढंच.) तिला येतं फक्त स्पॅनिश. म्हणून या वयात मी रद्दीवाल्याकडून स्पॅनिशचं व्याकरण आणलं. रोज ती मला गृहपाठ देते आणि चुकलो की बोटांवर पेन्सिल मारते. त्या भाषेत टेबल बाई, खिडकी बाई, कपाट मात्र पुरुष. (भागीरथी म्हणाली, बरोबरच आहे, नुसतं जागा अडवून उभं असतं.)

बदल्यात मी तिचं विज्ञान घेतो. धडा 'सजीव आणि निर्जीव'. जो श्वास घेतो, खातो, हालतो तो सजीव, असं मोडक्या स्पॅनिशमध्ये समजावलं. त्यावर रिक्षा सजीव ठरली, कारण ती पेट्रोल पिते आणि धूर सोडते. दुपारच्या जेवणानंतरचा मी निर्जीव. भागीरथीने पैकीच्या पैकी मार्क दिले.

परवा माझा वाढदिवस. शाळेत पुढाऱ्यांच्या तसबिरींना हार घालतात ते पोरीने पाहिलेलं. तिने तगरीचे दोन हार ओवले, खुर्चीवर चढून एक माझ्या फोटोला घातला, वर उदबत्ती. भागीरथी भाजीला, मी दाढी करायला. शेजारच्या मनुबाईंनी दारातून पाहिलं आणि हंबरडा फोडला. मी परतलो तेव्हा जिन्यात चपलांचा खच, आणि सुतकाच्या घरी चूल पेटू नये म्हणून मनुबाईंनी पिठलं-भातही आणलेला.

"अहो, तुम्ही गेलेलात ना?"

"गेलेलो. न्हाव्याकडे."

पिठलं मी दोनदा वाढून घेतलं. स्वतःच्या सुतकाचं किती जणांना मिळतं?

संध्याकाळी पोर दुसरा हार घेऊन चंदूच्या फोटोकडे निघाली. भागीरथीने तिचा हात धरला. "त्याला नको!" म्हातारी ओरडली आणि तिथेच रडत बसली. चंदूचे दिवससुद्धा आम्ही पोर शाळेत असताना चोरून केले, सहदेव. ज्याला हार घालायचा त्यालाच घालू दिला नाही. फार वाईट वाटलं.

असो. भागीरथीचा नमस्कार.

तुझा,
भिवाजी

ता. क. खरं काम असं. जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलंस. रविवारी ये आणि तो धडा पुढे नेऊन तिला बापाचं सांग. मला स्पॅनिश शब्द सापडले आहेत, तुला लिहून देतो, पण माझं तोंड उघडत नाही.

आणखी एक. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. आज सकाळी उठून पाहतो तर माझा फोटो मोकळा आणि सुकलेले दोन्ही हार चंदूच्या फोटोला. भागीरथी चहा ठेवायला गेली, तर पोरीने तिच्या हातातली काडेपेटी काढून घेतली आणि रिकामं पातेलं घेऊन मनुबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. मराठीत म्हणाली, "पिठलं-भात. आमच्या घरी."

तेव्हा सांगायला येऊ नकोस. जेवायला ये.