अण्णांचा गाळा फुलाबाईच्या नावे

मी, श्रीमती मालनबाई नवनाथ गांगुर्डे, वय ६६, राहणार जेलरोड, नाशिकरोड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे; डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा सुयश यास मिळावी. सूनबाई निकिताने माझी शिलाई मशीन भंगारात देऊ नये. ती चालते.

२. जेलरोडवरील गाळा वडिलांनी, म्हणजे अण्णांनी (पुंजाराम निरभवणे यांनी), माझ्या नावे केला होता. तो शेजारच्या किराणा दुकानाच्या मालकीण फुलाबाई यांना द्यावा. सुयश म्हणेल, "आई, जिचं तोंड बघवत नव्हतं तिला?" म्हणून कारण लिहिते.

माझ्या लहानपणी त्या ओळीत चारच दुकाने: अण्णांचे सायकलचे, भिमाजीकाकांचे किराणा, पिठाची गिरणी आणि एक सलून. नोटांच्या प्रेसचा भोंगा झाला की कामगारांची झुंबड उडे. फुला भिमाजीकाकांची लेक, माझ्याहून वर्षाने मोठी. गोळ्यांच्या बरण्यांमागे बसून पुडीला दोरा गुंडाळी आणि एका झटक्यात तोडी. मी पंक्चरच्या घमेल्याशी, काळ्या हातांनी. अण्णा तिला चक्कर मारायला सायकल देत. मी मागितली की म्हणत, "तू पडशील." वर फुलाकडे बोट दाखवून लोकांना सांगत, "दुकान चालवावं तर या पोरीनं."

मी तेरा वर्षांची होते. एका संध्याकाळी भिमाजीकाकांना म्हणाले, "काका, आज दुपारी फुली एका पोराच्या सायकलवर डबलसीट चेहेडीच्या पुलाकडे गेली. मी पाहिलं."

मी काहीही पाहिले नव्हते.

आठवड्यात तिचे दुकानात बसणे बंद झाले, मग शाळा. त्याच उन्हाळ्यात तिला नांदगावला देऊन टाकली. चौदा वर्षांची होती. मांडवात मी पोटभर जेवले.

वीस वर्षांनी ती विधवा होऊन परतली आणि बापाच्या दुकानात बसली. तोवर अण्णा गेले होते; गाळ्यात मी शिलाईकाम करी. बाया ब्लाऊजचे माप माझ्याकडे देत आणि गप्पा तिच्याकडे मारत. मी तिच्याकडून कधी मीठही आणले नाही. आता तिला जागा पुरत नाही, पोती फुटपाथवर असतात.

३. हे मेल्यावर कळवणे भ्याडपणाचे वाटले. म्हणून परवा तिच्या दुकानात जाऊन सगळे सांगितले. तिने आधी गिऱ्हाईक जाऊ दिले.

"मला ठाऊक हाय, मालन. अण्णांनीच सांगितलं."

"अण्णांनी? कधी?"

"लग्नाच्या दुसऱ्या साली. नांदगावला आले, दारात हात जोडून उभे राहिले. त्या दुपारभर मी त्यांच्याच दुकानात होते ना. खोटं त्यांना लगेच कळलं, पण माझ्या बापाने त्यांचं ऐकलं नाही. मग दर दिवाळीला यायचे, वारले तोवर."

आम्हाला ते "मालेगावला माल आणायला जातो" म्हणत. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तरी चालले असते. माफी मागायला गेलेली मी परतले ती जळतच. माझ्या बापाने मन मोकळे केले ते तिच्या ओट्यावर.

तरीही कलम २ कायम आहे.

४. दुकानासमोर हातात पाना घेऊन उभे असलेल्या अण्णांचा एकच फोटो आहे. तो सुयशकडेच राहावा. फुलाबाईने मागितला तरी देऊ नये. मोबाईलवरही काढू देऊ नये.

सही: मालनबाई नवनाथ गांगुर्डे

मालनबाईंनी आम्हा दोघांदेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केली:
१) दीपक खंडेराव आहेर
२) अंजली सुभाष दोंदे

नाशिकरोड, १४ ऑक्टोबर २०२५