दोन नळ्यांची अदलाबदल

प्रिय दादा,

आई गेल्यापासून तू रोज सकाळी फोनवर बायबलमधलं एक वचन पाठवतोस आणि मी ते न वाचताच पुसून टाकत आले. रुसले होते देवावर, राग काढला तुझ्यावर.

परवा लॅबमध्ये माझ्या हातून दोघांच्या रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली. ध्यानात आलं तोवर रिपोर्ट गेले होते. गप्प बसले असते, तर कुणाला पत्ताही लागला नसता. काय करावं कळेना, म्हणून त्या दिवशीचा तुझा मेसेज उघडला. वचनाखाली तू लिहिलं होतंस, "छोटे, फक्त आजच्यापुरतं खरं वाग."

तशीच उठून डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या कडाडल्या, "माणसांच्या जिवाशी खेळ आहे हा!" दोघांचं रक्त पुन्हा घेतलं. आजारी ठरलेल्या आजोबांना काहीच झालेलं नव्हतं. ठणठणीत ठरलेल्या बाईंचा आजार मात्र वेळेत कळला. मला महिनाभर नळ्यांना हात लावायला बंदी आहे.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू पडलास चर्चचा पाळक, रविवारी देवाच्या करणीची साक्ष म्हणून सगळ्या मंडळीला सांगून मोकळा होशील!

आज मात्र तुझ्या वचनाखाली मी 'आमेन' लिहिलं. लगेच तुझा फोन आला, आणि कधी नव्हे ते उपदेश न करता तू एवढंच विचारलंस, "छोटे, जेवलीस का?"

तुझीच,
छोटी