घरचा बर्गर, गाड्याची चव

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी, दुकानात.

बियाण्याच्या कंपनीनं जानेवारीत दिलेली डायरी. वर अळीचा रंगीत फोटो. आजवर कोरी होती, आजपासून लिहिणार. घरी नेणार नाही. आमच्या घरात गुपित टिकत नाही.

काल उमरग्याच्या डॉक्टरनं रिपोर्ट पाहिला. साखर काठावर, कोलेस्टेरॉल काठाच्या पलीकडं. डॉक्टर म्हणजे पोरगाच, अजून मिशी नीट फुटलेली नाही आणि मला विचारतो, बाहेरचं काय खाता. मी म्हणालो, विशेष काही नाही. शेजारी शिवरंजनी बसलेली. तिनं लगेच सांगितलं, रोज संध्याकाळी स्टँडसमोर आसिफच्या गाड्यावर बर्गर, एक नाही, दोन. बायकोला दवाखान्यात नेऊ नये.

डॉक्टर म्हणाला, महिनाभरात, येळवसाच्या अमावास्येआत उतरलं नाही तर गोळ्या, त्याही जन्मभर. वडिलांनाही, आमच्या आप्पांना, गोळ्या होत्या. ते बावन्नाव्या वर्षी गेले, गोळ्या पुरून उरल्या. मला भीती वगैरे वाटत नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

निर्णय झाला आहे. बर्गर वाईट नसतो, करणारे वाईट असतात. मी घरीच हेल्दी बर्गर करणार. चव गाड्याची, साहित्य घरचं. काल रात्री जेवताना घरात जाहीर केलं, करारच केला. येळवसाला गावातली एकूणएक चूल बंद असते, सगळे रानात जेवतात. त्या दिवशी आपल्या शेतात प्रत्येक पाहुण्याच्या हातात माझा बर्गर. नाही जमलं तर गाडा कायमचा बंद आणि शिवरंजनी वाढेल ते मुकाट्यानं खायचं.

अव्वा म्हणाली, पोरा, तुला अजून चहा गाळता येत नाही. वय झालंय तिचं.

११ नोव्हेंबर.

शिवरंजनीनं आज न सांगता हुलग्याची टिक्की करून ताटात वाढली. हुलगे बैलाला घालतात. एक घास घेतला आणि ताट सरकवलं. तिला समजावून सांगितलं, तुझ्या हाताला भाकरीची सवय, बर्गरला वेगळा हात लागतो, तू या नादी लागू नको. ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

१४ नोव्हेंबर.

मोबाईलवर हेल्दी बर्गरचे व्हिडिओ पाहिले. बाई म्हणते, आपल्या सगळ्यांच्या किचनमध्ये असणाऱ्या साध्या वस्तू घ्या. पहिलीच वस्तू ॲव्होकाडो. मुरुमच्या बाजारात विचारलं. भाजीवाली म्हणाली, औषधं तर तुमच्याच दुकानात मिळतात की. तिला ते फवारणीचं काहीतरी वाटलं. या लोकांना आरोग्याचं काय पडलंय?

१६ नोव्हेंबर, रविवार.

ज्वारीचा बन. मैदा विष आहे, ज्वारी आपली. पीठ, यीस्ट, कोमट पाणी, सगळं प्रमाणात. प्रमाणाचं मला कुणी शिकवू नये, आयुष्य औषधांची प्रमाणं सांगण्यात गेलं. कुकरमध्ये मीठ तापवून भट्टी केली. पीठ फुगलं नाही. यीस्ट डुप्लिकेट असणार, हल्ली काहीच खरं मिळत नाही. तरी भाजलं.

बन दिसायला चांगला झाला. चावायला अडचण आहे. एक कुत्र्याला टाकला. त्यानं तो पायानं लांब ढकलला. आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा मैद्यावर वाढलेली.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ.

आसिफच्या गाड्यावर गेलो, फक्त अभ्यासासाठी. त्याच्या चवीचं मूळ सापडल्याशिवाय घरी तशी चव येणार कशी? अभ्यास म्हटलं की खाणं आलंच.

आसिफ म्हणाला, "शेठ, थांबा. तुमचा अलग हाय." खालून स्टीलचा डबा काढला, त्यातली टिक्की कढईत न सोडता तव्यावर भाजली. मानाचं गिऱ्हाईक आहे मी. त्याच्या वडिलांना तुरीच्या बियाण्याबद्दल मी फुकट सल्ला दिला होता, पोरानं जाण ठेवली आहे.

चव अशी की विचारू नये. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, वरून ती पांढरी मयोनीज, लसणाची. दुसरा मागितला, तर संपला म्हणाला. एवढा धंदा आहे पोराचा.

नोंद: ही चव तेलाची आणि केमिकलची आहे. घरगुती गोष्टीत ही येत नाही. म्हणूनच माझं काम अवघड आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार.

तेल कमी वापरायचं तर फवारावं, असं सुचलं. दुकानातला फवारणीचा हातपंप घेतला, नवा कोरा, सील मी फोडलं. तव्यावर एकसारखा फवारा मारला. नोझल उत्तम होतं. गॅस बारीक करायचा राहिला. जाळ वर आला तो थेट तोंडाकडं.

डावी भुवई अर्धी गेली. शिवरंजनीनं कोरफड लावली. प्रतीक्षा बारावीला आहे, तिला विज्ञान विषय आहे, आणि ती बापाच्या तोंडावर हसली. दुकानात सांगितलं, एका कंपनीच्या औषधाची ट्रायल घेत होतो.

२४ नोव्हेंबर.

अभ्यास, आता रोजचाच. आजही एकच मिळाला.

२८ नोव्हेंबर.

टिक्की: दुधी, ओट्स, सोयाबीनचे गोळे. मयोनीज: उकडलेला फ्लॉवर दुधात वाटून. टिक्की तव्यावर टाकली ती परत टिक्की म्हणून उचलता आली नाही. चमच्यानं खाल्ली. मयोनीजनं प्रतीक्षाचं फाटलेलं पुस्तक चिकटवता आलं असतं. प्रतीक्षाची पिशवी हल्ली फार जड असते, स्टँडकडच्या ट्यूशनला रोज ओझं वाहत जाते. तिला म्हणालो, अभ्यास चांगला चाललाय. ती पुन्हा हसली.

शिवरंजनीनं आणखी हुलगे मागवले. एवढे कशाला? म्हणे, येळवस आलीय, बैलांना नको का. आमच्याकडं बैल तरी किती आहेत? पण विचारत बसलो नाही. मला माझी कामं आहेत.

३ डिसेंबर.

पँट ढिली होतेय. पट्ट्याचं चामडं ताणलेलं दिसतं. सोलापूरहून आणला होता, तरी डुप्लिकेट निघाला. सगळीकडं फसवणूक.

गाड्यावर आज आसिफचा तो डबा नीट पाहिला. आमच्या घरात अगदी तसाच आहे, झाकणाला तसाच पोचा. सासऱ्यांनी लग्नात दिलेला, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, महांतप्पा. आसिफच्या डब्यावरही काहीतरी कोरलेलं होतं, पण त्यानं लगेच फडकं टाकलं. हल्ली भांडी सगळ्यांची सारखीच. पोचेसुद्धा सारखेच पडतात.

टिक्कीत आज घरच्या येसर मसाल्याचा वास आल्यासारखा वाटला. कंपन्या आता आपल्या घरचे वाससुद्धा बाटलीत भरून विकतात.

९ डिसेंबर, मंगळवार.

उमरग्याला रक्त दिलं. साखर उतरली. कोलेस्टेरॉल काठाच्या अलीकडं. गोळ्या नकोत म्हणाला. जिना उतरताना पाय हलके वाटत होते. आप्पांची फार आठवण आली.

डॉक्टरनं विचारलं, काय केलंत? मी सांगितलं, घरी स्वतः केलेला हेल्दी बर्गर. ज्वारी, ओट्स, फ्लॉवर. पोरगा वही घेऊन लिहायला लागला. शिवरंजनी माझ्याकडं पाहत होती. मग डॉक्टर म्हणाला, मला एकदा खाऊ घाला. मी म्हणालो, या की येळवसाला, आमच्या रानात.

विचार केला तर हे यश माझंच आहे. बर्गर जमला नसेल, पण जमवण्याच्या ताणानंच माणूस बारीक होतो.

१३ डिसेंबर, शनिवार.

ज्वारीचा बन, चौथा प्रयत्न. अव्वानं तो दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला लावला.

डॉक्टर येणार. शेजारीपाजारी येणार. करार झालेला आहे. तोंड कुठं दाखवू?

मार्ग सापडला. आसिफला बाजूला घेऊन सांगितलं, येळवसाच्या सकाळी माझ्यावाले बर्गर पाहिजेत, तीस-पस्तीस, कुणाला बोलायचं नाही. आसिफचा चेहरा पडला. म्हणाला, "शेठ, विचारून सांगतो." कुणाला विचारणार? बेकरीवाल्याला असेल. पोरगा लाखात एक, पण स्वतःहून निर्णय घेता येत नाही.

ही लबाडी नाही. चव लोकांपर्यंत पोहोचणं महत्त्वाचं, ती कुठून आली याच्याशी लोकांना काय करायचंय?

१५ डिसेंबर.

आसिफ हो म्हणाला. म्हणाला, परवानगी मिळाली. बेकरीवाला समजूतदार दिसतो.

१८ डिसेंबर, दुपार.

घरात येळवसाची धांदल. भज्जीच्या भाजीसाठी वाल, तूर, हिरवा हरभरा सोललेला. आंबील लावलेलं. बाजरीच्या उंड्यांचं पीठ. शिवरंजनी दोन दिवस ओट्यावरून हललेली नाही. दमलेली दिसली. तिला म्हणालो, या जुन्या पदार्थांवर एवढी मेहनत कशाला, उद्या लोक माझा बर्गरच खाणार. ती म्हणाली, बघू.

मला स्वयंपाकघरात जायला बंदी. भज्जीच्या मसाल्याला दृष्ट लागते म्हणे. कसल्या अंधश्रद्धा.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस. रानातून आल्यावर, दुकान उघडून बसलोय.

सकाळी आसिफकडून बर्गर घेतले, घरच्या पातेल्यात भरले, वर कापड बांधलं. गाडीत जागा नव्हती म्हणून पातेलं शिवरंजनीच्या मांडीवर दिलं. तिला काही कळलं नाही, असं मला वाटलं. हे वाक्य असंच राहू देतो.

रानात पूजेसाठी कडब्याची कोप, छोटं खोपटं, केलेली, वरून शाल. पूजा झाली. पंगत बसली. मी स्वतः बर्गर वाढले. शेजारच्या शेतातला धुळाप्पा कशाचंच कौतुक करत नाही, त्यानं दुसरा मागून घेतला. डॉक्टरनं दोन संपवले आणि वही काढली. विचारलं, वरून एवढा कुरकुरीत कसा? मी म्हणालो, प्रमाण. तो म्हणाला, कशाचं? मी ओट्सवर बोलायला लागलो.

तेवढ्यात बांधावरून आसिफ आणि त्याची आई गुलबानो आले. त्यांना मी बोलावलं नव्हतं. शिवरंजनीनं बोलावलं होतं. गुलबानोच्या हातात तो स्टीलचा डबा. ती थेट शिवरंजनीकडं गेली आणि सगळ्यांसमोर, अगदी मायेनं म्हणाली, "बेटी, महिनाभर तुजा डबा येतोय, आन् आमी रोज घासून रिकामाच लावून देतोय. रिकामा डबा परत द्यावा व्हय? लई वाईट वाटायचं. आज खव्याचे गुलाबजाम भरून आणलेत."

डबा उन्हात धरला होता. महांतप्पा हे नाव सगळ्यांना वाचता आलं. डॉक्टरलाही.

आसिफ रानातल्या उभ्या ज्वारीकडं बघत राहिला. प्रतीक्षा तोंडात पदर घालून हसायला लागली, आणि पदर तिचा नव्हता, अव्वाचा होता. अव्वा तर उघड हसत होती. डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं, मग वही घेऊन शिवरंजनीकडं सरकला. हुलग्याला मोड आणायचे, किसलेलं बीट घालायचं, वरून ज्वारीच्या लाह्यांचा भरडा लावायचा, मयोनीजच्या जागी लसूण घातलेला चक्का, बेकरीकडून कणकेचे पाव. ती सांगत होती, तो लिहीत होता. मध्ये त्यानं तिसरा बर्गर घेतला.

मला राग आला होता, तो कुणावर काढावा ते सुचेना. कोपीमागं गेलो. शिवरंजनी पाठोपाठ ताट घेऊन आली. मी म्हणालो, नवऱ्याला असं फसवतात का? ती चिडली नाही. म्हणाली, "घरात ताटात वाढलं असतं तर खाल्लं असतं का तुम्ही?"

नसतं खाल्लं. तिथं बोललो नाही, इथं लिहितोय. आप्पांना असं कुणी फसवलं नाही.

डोळ्यांत पाणी आलं. चुलीचा धूर म्हणालो. चूल पंगतीच्या पलीकडच्या टोकाला होती.

२० डिसेंबर, शनिवार.

रात्रभर विचार केला. हेल्दी बर्गर ही मूळ कल्पना कुणाची? माझी. तिनं फक्त तो केला. आसिफच्या गाड्यावर जाणं कुणी चालू ठेवलं? मी. मी गेलोच नसतो तर डबा पोहोचला कुणाला असता? हे कुणी बोलत नाही.

करार मोडायचा ठरवला. मला मान्य नाही. संध्याकाळी गाड्यावर गेलो आणि म्हणालो, दोन दे. आसिफ म्हणाला, डबा बंद झाला, शेठ. मी म्हणालो, डबा नको, खराखुरा दे, तुझा. महिनाभर ज्याच्यासाठी जीव टाकला तो मैद्याचा, कढईतला, चीजचा बर्गर त्यानं मन लावून करून दिला.

तेलच तेल. ना येसर, ना लसूण. दुसऱ्या घासाला हात थांबला. आसिफचं मन राखायला अर्धा संपवला, उरलेला दीड गल्लीत आल्यावर कुत्र्याला टाकला. तेच कुत्रं. त्यानं खाल्ला.

घरी गेलो. भूक होती. शिवरंजनीला विचारलं, टिक्की उरलीय का? ती म्हणाली, हुलगे संपले, उद्या बाजारातून आणा, आणि आल्यावर आधी हात धुवा.

२१ डिसेंबर, रविवार.

हुलगे आणले. निवडून भिजत घातले. टिक्कीला हात लावू देत नाही अजून, आधी कांदा म्हणाली. कांदा चिरला. जाड झाला म्हणे. परत चिरतोय.