प्रश्नचिन्हापुढची तिसरी बाही

सौ. धाकटीस, थोरलीचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? शेक घेतेस ना? तुझा खोकला, तुझी झोप, खिडकीत येऊन बसणारी ती लंगडी मांजर, सगळ्यांची खुशाली कळव. मेहुण्यांची कळवली नाहीस तरी चालेल. त्यांना माझा नमस्कार सांगू नकोस, आणि नमस्कार सांगितलेला नाही हे मात्र आठवणीने सांग.

फोन का केला नाही म्हणशील. केला होता. तुझ्या घरी फोन तेच उचलतात आणि उचलून हसतात. रागावलेल्या माणसाच्या कानात कुणी हसलं की राग पातळ होतो, आणि मला हा राग चांगला घट्ट ठेवायचा आहे. किती वर्षांनी असा मनासारखा राग आला आहे! सकाळी उठल्यावर काहीतरी करायचं आहे असं वाटतं. म्हणून कागद घेतला. शुद्धलेखन तू मनातल्या मनात सुधारून घे. तू माझ्यापेक्षा दोन इयत्ता जास्त शिकलीस (आणि ते चारचौघांत सांगतेस).

तर ऐक. माझ्या नातीने माझ्या स्वेटरांसाठी वेबसाइट केली हे तुला ठाऊक आहे. ती पायथन नावाच्या भाषेत लिहिते. पायथन म्हणजे अजगर. मी तेव्हाच म्हटलं होतं, बाई गं, एखादं चावून खाणारं जनावर घे, हा न चावता गिळतो. ती हसली. सगळ्यांना माझ्या बोलण्यावर हसायला फार आवडतं. पण काम देखणं केलं हो पोरीने. माणसाने रंग निवडायचा, छातीचं माप निवडायचं, बाह्या हव्यात की बिनबाह्यांचा ते निवडायचं, की मागणी इकडे माझ्या टेबलावरच्या यंत्रातून छापून बाहेर पडते. मी चष्मा लावते, वाचते, लोकर काढते. तिला नोकरी हवी आहे त्या कचेरीतल्या मोठ्या बाई येत्या गुरुवारी हीच वेबसाइट बघणार आहेत आणि तिला घ्यायचं की नाही ते ठरवणार आहेत. दोन वर्षं पोरगी ह्या कचेरीच्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे. हे लक्षात ठेव, म्हणजे तुझ्या नवऱ्याने काय केलं ते कळेल.

मागच्या महिन्यात एक मागणी आली. निळा रंग, छाती बेचाळीस, गोल गळा, बाह्या तीन. नावाच्या जागी ‘एक गरजू’. पत्ता कुठल्याशा केशकर्तनालयाचा.

आता तू म्हणशील, थोरले, तीन बाह्या वाचून तू थांबली नाहीस? नाही थांबले. आपल्या आईने काय शिकवलं होतं? ती माप घ्यायला बसली की तोंडात टाचण्या धरायची, त्या काही टोचायच्या म्हणून नव्हेत, तर तोंडून प्रश्न बाहेर पडू नये म्हणून. कुणाचा खांदा उतरता, कुणाची पाठ वाकडी, कुणाचं पोट पुढच्या खोलीत. गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल ‘का’ विचारायचं नाही. सांगितलं तेवढं विणायचं. मी म्हटलं, असेल बिचारा. जगात काय काय असतं. त्यात लिहिलंय ‘गरजू’. माझं तर काळीजच हललं. आजवर बापड्याला तयार कपडा मिळाला नसेल, इतर दुकानांतून हसून बाहेर काढलं असेल.

मग प्रश्न आला, तिसरी बाही लावायची कुठे? पुढे लावावी तर जेवताना ताटात जाईल. काखेखाली लावावी तर तिथे आधीच एक आहे, चालताना दोन्ही एकमेकींना घासतील. दोन दिवस डोकं धरून बसले. शेवटी पाठीवर लावली, जरा उजवीकडे (डावखुरा असता तर तसं लिहिलं असतं, असं धरलं). पाठीत बाही जोडायला मुंढा काढणं म्हणजे काय असतं हे फक्त तुला सांगून कळेल. तीन वेळा उसवला. मधले टाके कमी करत नेले, तिरके उचलले, आणि चौथ्यांदा असा बसला, असा बसला की मी तो उशीला घालून खोलीभर फिरवून बघितला. मग कोमट पाण्यात धुतला, सावलीत वाळवला आणि आत चिठ्ठी ठेवली: ‘भाऊ, मनाला लावून घेऊ नका.’

आणि परवा घरच्या ग्रुपवर फोटो आला. कुणाचा? सांगायला हवं का? निळा स्वेटर, बेचाळीस छाती, आणि पाठीवरच्या बाहीत छत्री खोचलेली. खाली लिहिलंय, ‘मनाला लावून घेतलेलं नाही.’

धाकटे, तुझ्या लग्नात मी ह्या माणसाच्या बाजूने बोलले होते. सगळे नको म्हणत होते. मी म्हटलं, मुलगा पूल तपासायच्या खात्यात आहे, पायाखालचं बघणारा आहे, सांभाळेल. आयुष्यभर पुलांवर उड्या मारून पूल पडतो का बघितलं. आता पूल संपले, तर आमच्यावर उड्या मारतात!

नातीला बोलावलं. म्हटलं, तुझ्या वेबसाइटवर तर दोनच पर्याय आहेत, बाह्या दोन नाहीतर शून्य. तीन आल्या कुठून? तिने फोटो मोठा करून बाह्या मोजल्या. मग तिने दाखवलं. वेबसाइट उघडली की वरच्या पट्टीत तिचा पत्ता दिसतो. आपण काही निवडलं की त्या पत्त्याला शेपूट फुटतं. आधी प्रश्नचिन्ह. (आपल्याला शाळेत शिकवलं की प्रश्नचिन्हाने वाक्य संपतं. इथे त्याच्यापुढेच सगळं बोलणं सुरू होतं.) मग ‘रंग’, मग दोन सुया एकीखाली एक आडव्या ठेवल्यासारखं चिन्ह, मग ‘निळा’. मग एक गाठ, हो, अगदी दोऱ्याला मारतो तशी गाठ काढलेलं चिन्ह. मग ‘बाही’, दोन सुया, आणि ‘२’. मला तर बघताक्षणी आवडलं, विणीचा नमुना लिहून ठेवावा तसं सुटसुटीत. पण ही पट्टी सगळ्यांना उघडी! कुणीही बोट लावावं, दोन पुसावेत आणि तीन लिहावेत. आणि हिचा अजगर प्रश्नचिन्हापुढे जे असेल ते उचलतो आणि गिळतो. यादीतून निवडलं की हाताने खरडलं, विचारत नाही.

मी जी चिडले! म्हटलं, पुढच्या दाराला कडी लावलीस, येणाऱ्याला म्हणतेस इथूनच या, आणि मागची भिंतच बांधली नाहीस? तीन आकडा बघून त्याला शंका येऊ नये?

तीही चिडली. “आजी, तुला आली का शंका?”

“मला कशाला यावी? मागणीत लिहिलं होतं.”

“त्यालाही मागणीतच दिसलं!”

“अगं, पण त्याला अक्कल नको?”

“आजी, तू पंधरा दिवस ती बाही विणत होतीस. माणसाला हात किती असतात?”

“मी लोकांचे हात मोजत फिरत नाही. आईची शिकवण आहे.”

“मग झालं तर. तो तुझ्यावरच गेलाय,” असं म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दाराशी मी पुष्कळ बोलले. दाराने ऐकून घेतलं.

पण खरी आग पुढे लागली. मेहुण्यांनी फोटोखाली युक्तीही लिहिली होती. झालं! तुझे दोघे दीर, माझे तिन्ही भाचे, त्यांच्या बायका, कधी फोन न करणारी माणसं, सगळी त्या शेपटाला लागली. माझं छापायचं यंत्र थांबेना. बाह्या आठ. बाह्या चाळीस. एकाने लिहिलं, बाह्या उणे दोन. उणे दोन म्हणजे मी काय करायचं, ज्याच्या आहेत त्याच्या उसवून आणायच्या? कुणी बाहीचा उल्लेखच पुसून टाकला, तर कुणी आकड्याच्या जागी ‘भरपूर’ लिहिलं. तिथे मात्र वेबसाइट आडवी झाली. नात म्हणाली, प्रश्नचिन्हापुढून येतं ते सगळं अक्षर म्हणूनच येतं, त्याचा आकडा आपण करून घ्यायचा असतो. आता ‘भरपूर’चा आकडा तो अजगर बापडा कुठून करणार? जीभ बाहेर काढून पडला. आणि गुरुवार तर तोंडावर.

पोरगी जेवली नाही. म्हणते, वेबसाइट पुसून टाकते, त्या बाईंना कळवते की मी येत नाही. हे ऐकलं आणि माझा राग चुलीवरच्या दुधासारखा वर आला. मी म्हटलं, खबरदार! माझा मुंढा तीनदा बिघडला तेव्हा मी लोकर पेटवून दिली का? चुकला तेवढा उसवायचा. पुढे ये. मी सांगते तसं कर. (मला त्यातलं काही येत नाही. पण सांगणारं माणूस शेजारी बसलं की करणाऱ्याला बरं वाटतं.) मग बसली. आधी बघायचं, बाहीबद्दल काही लिहिलंय तरी का. मग बघायचं, लिहिलंय तो आकडा आहे का. मग बघायचं, आकडा आपल्या यादीतला आहे का. नसेल तर आडवं व्हायचं नाही, गिळायचं नाही, दारातच नम्रपणे सांगायचं. रंगाचं तसंच, मापाचं तसंच. ती खटाखट लिहीत होती आणि मी शेजारी बसून मेहुण्यांना शिव्या देत होते. कामाला चांगली लय आली होती.

तर आता तुझं काम. तो स्वेटर त्यांच्या अंगावरून उतरव आणि उसव. बाहीपासून सुरुवात कर. त्यांच्या डोळ्यांदेखत कर. लोकर मांजरीला खेळायला दे. त्यांच्या अंगाला आता माझ्या हातचा धागा लागणार नाही, थंडीने कुडकुडले तरी.

तुझी,
थोरली

ता. क. स्वेटर उसवू नकोस! पत्र घडी घालत होते तेवढ्यात नात फोनवरून उठून आली. तिने त्या मोठ्या बाईंना सगळं खरं सांगून टाकलं, तीन बाह्या, उणे दोन, भरपूर, सगळं. बाई म्हणे खूप हसल्या आणि म्हणाल्या, येणारा प्रत्येक जण सांगतो की माझ्या कामात चूक नाही, तू तुझी चूक घडी घालून घेऊन ये, टेबलावर ठेव. तेव्हा गुरुवारच्या आत स्वेटर इकडे पोचायलाच हवा, म्हणून हे पत्र टपालात न टाकता आजच माणसाच्या हाती पाठवते आहे. धुऊन पाठव. छत्रीने बाही सैल झाली असेल तर ओढूताणू नकोस, मी बघेन.

ता. क. दुसरा. नात विचारते आहे, मेहुणे आजोबांनी आणखी कुठे कुठे बोट घालून बघितलं, आणि गुरुवारपर्यंत रोज थोडं थोडं घालतील का. म्हणजे उड्या मारायलाच सांगते आहे. मला हे मुळीच पसंत नाही. त्यांना सांग, बिनबाह्यांच्या पिवळ्याकडे नीट बघा, मला तिथे संशय आहे.

ता. क. तिसरा. खात्री करायला मीच आत्ता फोनवर त्या पट्टीत बोट घातलं. दोन पुसले, तीन लिहिले. आडवी झाली नाही, गिळलं नाही. नातीने तिथे लिहून ठेवलंय: ‘माफ करा, ह्या दुकानात बाह्या जास्तीत जास्त दोन. तीन हव्या असतील तर आजीला भेटा. तिला येतात.’

मी तीनदा उघडून वाचलं. मेहुण्यांची छाती अजून बेचाळीसच आहे ना, तेवढं कळव.