एक गळा, आठ इनपुट

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. माजी विद्यार्थिनींनी शाल दिली. शालींचं कपाट आता बंद होत नाही.
देवळाचे महांतप्पा भेटले. नवरात्रात रोज सकाळी सहाला भोंग्यावर गजराबाईची कॅसेट लागते, ती टेपनं गिळली. नवं रेकॉर्डिंग कोण देणार, म्हणाले. मी देईन, म्हटलं. त्यांनी विचारलं, बाई, तुमी गाता व्हय? मी नुसतं बघितलं. तेवढं पुरलं.
गजरा माझ्याच वर्गातली. कॉलेजच्या गॅदरिंगला गाणं तिचं आणि पडदा उघडायच्या सूचना माझ्या. आता पुरे. यंदा सगळा उमरगा माझ्या गाण्यानं उठेल.
घटस्थापना २२ ला. वेळ भरपूर.

६ सप्टेंबर
भाची हर्षालीला पुण्याला फोन. ती म्हणाली, मावशी, मोबाइलवर गा आणि टाक पाठवून. मोबाइलवर गजरा गाईल. मी कॉम्प्युटरवर गाणार. त्याला माईक लागतो, आणि माईक व कॉम्प्युटरच्या मध्ये इंटरफेस. गळ्यातलं कॉम्प्युटरला समजावून सांगणारा दुभाषी.
संकल्प: दोन दिवसांत अभ्यास पूर्ण. रोज पहाटे रियाज.

८ सप्टेंबर
रियाज नाही. अभ्यासामुळे.
इंटरफेस दोन इनपुटचा, चारचा आणि आठचा मिळतो. हर्षाली म्हणाली, गाणारी एक, माईक एक, दोन इनपुट लई झाले. मी म्हटलं, शाळा बांधताना आजची पोरं मोजत नाहीत. आठ.
ह्यांनी विचारलं, उरलेल्या सात भोकांत कोण गाणार? हे एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त, जन्मभर माईकवर गाड्या पुकारलेले. माईक हा विषय आपल्या घरचा समजतात. दुर्लक्ष केलं.

१० सप्टेंबर
मुनवरभाईंच्या दुकानात ऑर्डर दिली. त्यांनी विचारलं, बाई, मिडी होना क्या? म्हटलं, होना. मला शिकवायची सवय आहे, विचारायची नाही.
घरी येऊन हर्षालीला विचारलं. मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही म्हणे. फक्त सूचना जातात. ही पट्टी दाब, ती सोड, जोरात, हळू. वाजवायचं काम दुसऱ्यानं करायचं. कल्पना फार पटली. माझ्या पेटीला मात्र मिडी जोडता येत नाही. पेटीचा दोष.

१४ सप्टेंबर
इंटरफेस आला. दोन सेट-टॉप बॉक्स शेजारी ठेवावेत एवढा. टीपॉयवरचा गणपती हलवावा लागला. एका बटणावर ४८ व्होल्ट लिहिलंय. चांगल्या माईकला त्यातून वीज जाते. हे म्हणाले, तू गा, मी मेन स्विचपाशी उभा राहतो.
वीज सुरक्षित असल्याचं पटल्यावर हे आत आले, माईकवर फुंकर मारली आणि परंडा गाडी फलाट दोनवर लावली. हेडफोनमध्ये सुरेख ऐकू आली. माझी निवड अचूक. त्यात त्यांचं काही श्रेय नाही.
रियाज उद्यापासून नक्की.

१९ सप्टेंबर
रियाज राहिला. एका अर्थी बरंच. गळा वापरलेला नाही, कोरा आहे.

२० सप्टेंबर, दुपारी
रेकॉर्डिंग झालं!
पंखा बंद, खिडक्या बंद, कुकर बंद, हे बंद. ऐकायला गल्लीतल्या बायका बसवल्या. बटण दाबलं की स्क्रीनवर लाल दिवा लागतो. लाल म्हणजे थांबा, हे पहिलीच्या पोरालाही कळतं. दिवा लागला की मी थांबायची आणि सगळ्यांना शिस्त लावायची. बटण दाबून दिवा घालवला की गायची. प्रत्येक कडव्याला असंच. हे मध्येच हात वर करत होते. खाली करायला लावला.
पेन ड्राइव्ह महांतप्पांना दिला. हर्षाली म्हणत होती, आधी ऐकून बघ. स्वतःचा पेपर स्वतः तपासत नाहीत.

२२ सप्टेंबर, सकाळी
सहाच्या आधीच नवी शाल घेऊन गच्चीवर. भोंगा खरखरला आणि माझा आवाज गावभर घुमला. खोकायचं नाही म्हणजे नाही! राजेश्वरी, भिंतीपलीकडून तुझा मिक्सर इथंवर ऐकू येतोय! कोण हसलं? तोंडातलं आधी गिळा! सरळ बसा!
आता कडवं येईल म्हणून थांबले. पुन्हा तेच. गाण्याची ओळ एकही नाही.
हे शांतपणे म्हणाले, लाल दिवा लागला की मशीन चालू असतं, आमच्या डेपोत पण तसंच होतं. सांगणार होतो. पण तू खोकूसुद्धा दिलं नाहीस.

त्याच दिवशी, नऊला
महांतप्पा आले. मी दुपारपर्यंत नवं गाणं देते म्हटलं. ते म्हणाले, नगं नगं! आख्खी गल्ली आंघोळी करून साडेसहालाच देवळात, बाई. तरणी पोरंसुदिक. नऊ दिवस हेच लावनार. गाण्याचं टेन्शन घिऊ नगा, संध्याकाळी गजराबाई समोर बसून गाणार हायत.
चहा दिला. त्यांनी तो सरळ बसून घेतला.
हर्षालीचा फोन. आवाज कसा लागला, तिनं विचारलं. म्हटलं, आवाज नाही गेला. मिडी गेलं.